तेरापैकी अकरा कुलुपं

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर गेला. बर्ड फ्लूमुळे कोंबड्यांचे कळपच्या कळप मारावे लागले होते आणि आमच्या दुकानातली अंड्यांची फळी रिकामी असायची. मी एक्सेल शीट उघडली. ज्याचं पुढचं वर्ष वाईट जायचं असतं, तो माणूस आधी एक्सेल उघडतो.

शीटने सांगितलं, सहा कोंबड्या पाळल्या तर दीड वर्षात पैसे वसूल. आम्ही सिअ‍ॅटलला राहतो. इथे २०१० पासून घरामागे आठ कोंबड्या ठेवायला परवानगी आहे. कोंबडा मात्र चालत नाही, तो आरवतो म्हणून. शीटमध्ये पिल्लांचा रकाना होता, खाद्याचा होता, भुशाचाही होता. रॅकून नावाच्या इथल्या रानटी चोराचा नव्हता.

एप्रिलमध्ये सहा पिल्लं आली आणि नऊ वर्षांच्या लेकीने लगेच त्यांची बारशी उरकली: जिलबी, चकली, शेव, पापडी, आणि दोघी जुळ्या दिसायच्या म्हणून लाडू एक आणि लाडू दोन. जूनमध्ये आई आली, सहा महिन्यांसाठी. पाटण तालुक्यात तिचा जन्म कोंबड्या हाकण्यात गेलाय. बॅग उघडायच्या आधी ती मागच्या अंगणात गेली. मी ऑनलाइन मागवलेलं खुराडं तिथे उभं होतं. लाल छप्पर, पांढरी खिडकी, षटकोनी भोकांची जाळी, दाराला नाजूक हुक.

"ह्ये खुराडं हाय का देव्हारा?" असं म्हणून तिने हुकाला टिचकी मारली. हुक उघडला.

"कोंबडा कुठाय?"

"कायद्यात बसत नाही."

"आन् कापायच्या?"

लेक टक लावून बघत होती. मी म्हटलं, "नाही."

"मग हितं काय, पेन्शनीत आल्यात व्हय?"

ऑगस्टमध्ये जिलबी गेली. सकाळी दार बंद होतं, हुक जागेवर होता आणि जिलबी जाळीला टेकून पडली होती. अंग शाबूत, मुंडकं तेवढं नाही. नंतर कळलं की ही रॅकूनची सहीच आहे. तो जाळीतून हात आत घालतो, कोंबडी घाबरून जाळीलाच चिकटते, मग हाताला लागेल तेवढा भाग तो बाहेर ओढतो. ही षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला असते, रॅकून बाहेर ठेवायला नसते. हे खुराड्याच्या जाहिरातीत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आईने जिलबीला पायाला धरून उचललं, हातावर तोललं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "रात्रीचीच हाय. पाणी ठिऊ का तापत?" त्याच वेळी लेक बुटाचा रिकामा खोका घेऊन बाहेर आली. त्यात तिने स्वतःचा मोजा अंथरला होता. एका बाजूला अंत्यविधी, एका बाजूला रस्सा, मध्ये मी. रॅकूनमुळे रेबीज होऊ शकतो, त्याच्या विष्ठेत जंत असतात, असं काय काय सांगून मी आईचं पातेलं परत ओट्याखाली पाठवलं. जिलबीला गुलाबाच्या आळ्यात पुरलं. आई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. लेकीने दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा म्हणाली, "दीड किलोची तरी व्हती."

मग मी कॅमेरा लावला. तो रात्री दोनच्या सुमारास आला. मांजरापेक्षा चांगलाच मोठा, डोळ्यांवर काळी पट्टी, बाकदार पाठ, आणि चाल अशी की भाडं वसूल करायला घरमालक आलाय. पण बघत राहावं ते त्याचे हात. मी पंजे म्हणणार होतो, पण ते हातच आहेत, सुटी सुटी पाच बोटं असलेले. हुकाकडे तो बघतसुद्धा नव्हता. तोंड आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आणि बोटं हुकावर फिरतायत, वीज गेल्यावर आई फळीवरची काडेपेटी चाचपडते तशी. रॅकून हे नाव व्हर्जिनियातल्या मूळ रहिवाशांच्या, पोव्हाटन लोकांच्या भाषेतून आलंय, त्याचा अर्थ साधारण हातांनी खरवडणारा असा. शास्त्रीय नावातला शब्द तर 'धुणारा' असा आहे, कारण तो खाणं पाण्यात बुचकळतो. धूत वगैरे काही नसतो. ओल्या हातांना स्पर्श जास्त कळतो, म्हणून चाचपत असतो. कोंबड्यांच्या पाण्यात रोज सकाळी चिखल कुठून येतो, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका संशोधकाने रॅकूनना तेरा प्रकारची कुलुपं घालून पाहिली होती. त्यांनी अकरा उघडली. पुढचे कित्येक आठवडे मी उरलेल्या दोन कुलुपांच्या शोधात होतो.

आधी हुक काढून सरकती कडी बसवली. ती त्याने तिसऱ्या रात्री उघडली आणि चकली गेली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आमच्याकडे उजाडायचं, पण झाकलेलं जागेवर असेलच असं नाही. मग हालचाल दिसली की पेटणारा दिवा लावला. पहिल्या रात्री तो दचकला. दुसऱ्या रात्रीपासून त्या उजेडात नीट बसून काम करायला लागला. माणसाच्या आवाजाला तो भितो, खुराड्याजवळ रेडिओ लावून ठेवा, असं कुणीतरी सांगितलं. आईने तिच्या फोनवर हरिपाठ लावून तो खुराड्यावर ठेवला. कॅमेऱ्यात पुढे जे दिसलं ते मी कितीदा तरी पाहिलंय: रात्री एक वाजता तीन रॅकून गवतावर ओळीने बसलेत, मधला पोट खाजवतोय. टाळच तेवढे आणायचे राहिले होते. आई ते बघून गप्पच झाली. जरा वेळाने म्हणाली, "आमच्याकडं मुंगूस येतं, पर ते चोरावानी येतं. ह्यो जावयावानी येतोय."

पिंजरासुद्धा लावून झाला. आमिष म्हणून त्यात सार्डिनचा डबा ठेवला आणि शेजाऱ्यांचं मांजर सापडलं. ते मालकिणीच्या हवाली करतानाचा प्रसंग मी लिहिणार नाही. नंतर कळलं की मांजर फिरकू नये म्हणून गोड मार्शमॅलो ठेवायचं असतं. तेही ठेवलं. पण मग बायकोने साधा प्रश्न विचारला, "सापडला तर नेणार कुठे?" आमच्या राज्यात जंगली प्राणी पकडून परवान्याशिवाय दुसरीकडे सोडता येत नाही. म्हणजे तो सापडला असता तर अडकलो मी असतो. पिंजरा गॅरेजमध्ये गेला. मार्शमॅलो त्याआधीच कुणीतरी नेलं होतं.

दरम्यान लेकीने पक्ष बदलला. शाळेच्या वाचनालयातून ती एक पुस्तक घेऊन आली. १९२६ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी मिसिसिपीहून कुणीतरी जिवंत रॅकून पाठवला होता. कूलिजबाईंनी तो शिजवला नाही, पाळला. रेबेका नाव ठेवलं, गळ्यात पट्टा घातला, आणि ती व्हाइट हाउसमध्ये राहायला लागली. "बाबा, आपणही तसं करूया ना." मी तिला जिलबीची आठवण करून दिली. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "जिलबीने माफ केलं असेल."

शेवटी सप्टेंबरमध्ये मी शहाण्यासारखा वागलो, म्हणजे भरपूर पैसे खर्च केले. अर्ध्या इंची चौकोनांची, जोड दिलेल्या तारांची जाळी आणली. ती कापताना दहाही बोटांना पट्ट्या लागल्या. ती खिळपिनांनी मारून चालत नाही, रॅकून उचकटतो. प्रत्येक स्क्रूखाली वॉशर. खालून उकरू नये म्हणून भिंतीच्या पायथ्यापासून बाहेर दोन फूट जाळी जमिनीवर पसरून मातीखाली दाबली. तीन शनिवार-रविवार गेले. आई पायरीवर बसून लसूण सोलत बघत होती. गावाकडे ती कोंबड्यांवर डालगं पालथं घालते आणि वर धोंडा ठेवते. एकूण खर्च, धोंडा.

आणि दाराला? दाराला कॅराबिनर, गिर्यारोहक वापरतात ती, स्क्रू फिरवून बंद करायची स्प्रिंगची कडी. आधी स्क्रू फिरवायचा, मग दाबायचं, मग तिरकी करून काढायची. तीन रात्री तो आला, चाचपत बसला, निघून गेला. चौथ्या रात्री फक्त येऊन बघून गेला. कुलूप मिळालं होतं. त्याच आठवड्यात शेवने पहिलं अंडं घातलं, लिंबाएवढं. त्या एका अंड्याची किंमत शीटने जी काढली, ती मी बायकोला अजून सांगितलेली नाही. वर्ष संपेपर्यंत दुकानातला डझनाचा भाव तीन डॉलरच्या आसपास उतरला.

नोव्हेंबरच्या शेवटी आई परत गेली. डिसेंबरात इथे दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेआठपर्यंत उगवत नाही. एका सकाळी सात वाजता, अंधारात, पायजम्यावर जॅकेट चढवून मी खुराड्यापाशी गेलो. रात्री पाऊस पडून वर गोठला होता. कॅराबिनरचा स्क्रू हलेना. बोटं बधिर. फुंकर मारली, जॅकेटच्या बाहीत धरून पिळलं, देवाचं नाव घेतलं, मग दुसऱ्या कुणाकुणाची घेतली. आत चौघी भुकेने कलकलत होत्या. एवढ्यात खिशात फोन वाजला. गावाकडे रात्रीचे साडेआठ, आईची जेवणं उरकून व्हिडिओ कॉल करायची वेळ. कोंबड्या कशायत, हा तिचा पहिला प्रश्न, आम्ही कसे आहोत हा तिसरा. मी फोन फिरवून तिला दार दाखवलं, कडी दाखवली, माझी लाल बोटं दाखवली.

"मागं कोण बसलंय रं?"

मी वळून बघितलं. कुंपणावर तो बसला होता, पोटाशी हात घेऊन, अजिबात घाई नसल्यासारखा.

आई म्हणाली, "त्याला सांग की. दील उघडून."