आंब्याला आँप म्हणतात

विषय निघाला सुऱ्याच्या मुलीवरून. सुट्टीत ती तीन आठवडे नेपाळला चाललीय, एका संस्थेबरोबर. पाच-सहा देशांतली पोरं, गावातल्या घरांत राहायचं, त्यांच्या चुलीवरचं खायचं, शाळेची भिंत बांधायची. सुऱ्याने माहितीपत्रक वाचून दाखवलं, "जागतिक बंधुभाव". रत्नागिरीचा मे महिना, संध्याकाळी सातलाही कट्ट्याचा दगड गरम. बंड्या तापलाच.

"तुझ्या पोरीने कधी घमेलं उचललंय? तेच पैसे तिथल्या गवंड्याला दे, चार भिंती बांधील."

"भिंतीसाठी कोण जातो रे," नाना मास्तर म्हणाले. नाना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तास अजून सुटलेला नाही. "पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, पियेर सेरेसोल नावाचा स्विस माणूस फ्रान्समध्ये व्हर्दनजवळ एका पडक्या गावात तरुण घेऊन गेला. घरं उभी करायला. त्यात जर्मनसुद्धा होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडलं, त्यांचीच पोरं!"

"मग गावाने आरती ओवाळली?"

"छे. जर्मन नकोत म्हणून कुरबूर झाली, काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. पण माणूस थांबला नाही. १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्येही आला, गावं पुन्हा उभी करायला."

"आला ना? मग तो बिहारी कधी स्वित्झर्लंडला गेला?"

नानांनी चष्मा पुसायला घेतला. म्हणजे प्रश्न लागला. मग ते साने गुरुजींकडे वळले. वळणारच, गुरुजी पालगडचे, इथले. आंतरभारतीत एका प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकायची, दुसऱ्याने पहिल्याची. "दोन्हीकडून," नाना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

मला राहवलं नाही. "सुऱ्या, तुझ्या बागेतला राखण्या कुठला?"

"नेपाळचा."

"ते सगळ्यांनाच ठाऊक. गाव कुठलं?"

सुऱ्या गप्प. आठ हंगाम झाले त्या माणसाला. मोहोर यायच्या आधी येतो, पाऊस तोंडावर आला की जातो. वानर हाकलतो, रात्री बॅटरी घेऊन फिरतो, आणि पेटीच्या भावावरून व्यापाऱ्याशी शुद्ध रत्नांग्री हेलात भांडतो. आपल्यात मुरला तो. आपल्यातल्या कोणाला त्याचा एक शब्द येतो?

"पोटासाठी आलेला आणि शिकायला जाणारी, एका मापाने मोजू नको," नाना म्हणाले. हेही खरं. तिची हौस, त्याची गरज.

तेवढ्यात तोच कोपऱ्यावर बिडी घ्यायला आला. बंड्याने हाक मारून बसवलं, कटिंग दिली. नानांनी विचारलं, तुमच्यात आंब्याला काय म्हणतात?

"आँप." आणि माशाला? "माछा." भात मात्र भातच. गावाचं नाव त्याने दोनदा सांगितलं, आम्हाला नीट म्हणता येईना, तो हसला. सुऱ्याची मुलगी जाणार तिथून त्याचं गाव बसने दीड दिवस. धाकटी मुलगी नववीत आहे म्हणाला.

"१९५० च्या करारापासून व्हिसा लागत नाही," बंड्या सुऱ्याकडे बघत म्हणाला. "तुझी पोरगी त्यांच्याकडे राहणार. याची पोरगी दिवाळीत तुझ्याकडे येऊ दे. माडीवर खोली रिकामीच आहे."

सुऱ्याने माहितीपत्रकाची घडी घातली, परत उघडली.

"बायकोला विचारून सांगतो."