‘सर्किटचे नंबरच खोटे’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू वाचला. खरं सांगायचं तर चार वेळा वाचला. त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही लिहिलंय की आम्ही करून दिलेल्या वायरिंगच्या ड्रॉइंगवर निम्म्या दिव्यांपुढे प्रश्नचिन्हं होती, सर्किटचे नंबर खोटे होते, रिसेप्शनचा एमसीबी (त्या सर्किटचा मुख्य खटका) पाडला तर ब्लड कलेक्शनच्या खोलीत अंधार झाला, आणि वर आम्ही ‘आपोआप होणाऱ्या कामाचे’ ४,५०० रुपये मागितले.

प्रश्नचिन्हं आमचीच चूक. निम्मी नव्हती, ११ होती, पण होती. जिन्याजवळचे ते दिवे रेव्हिटमध्ये, म्हणजे आमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठल्याच डीबीला (एमसीबी असतात त्या पेटीला) जोडायचे राहिले. दिव्याला सर्किटच नसेल तर त्याच्या शेजारचा टॅग, म्हणजे सर्किटचा नंबर दाखवणारी चिठ्ठी, नंबर कुठून आणणार? तो प्रश्नचिन्ह दाखवतो. शीट बाहेर पाठवण्याआधी ते दिसायला हवं होतं. ऑफिसातल्या आमच्या मुलाला मी त्यावर बोललो आहे. त्याबद्दल वाद नाही.

पण ‘नंबर खोटे’ हे मला लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही गुरुवारी संध्याकाळी ५:४० ला पीडीएफ पाठवले. त्यात रिसेप्शनचे सहा डाउनलाइट आर-३ वर आणि कलेक्शन रूम बी-२ वर (आर, बी ही फेजची अक्षरं). तुमच्या वायरमननं त्याच पीडीएफवरून वायरी ओढल्या, फेरूल (वायरीच्या टोकावरचे नंबराचे छल्ले) घातले, डीबीत जोडणी केली. त्याचं काम मी स्वतः येऊन पाहिलं, चोख आहे. नंतर शनिवारी तुमच्याच इंजिनिअरनं मॉडेल, म्हणजे रेव्हिटची मूळ फाइल, उघडून पॅनल शेड्यूलमध्ये (डीबीतल्या सर्किटांच्या तक्त्यात) ‘रीबॅलन्स लोड्स’ दाबलं. तिन्ही फेजवर लोड सारखा यावा म्हणून ती सोय असते, हेतू चांगलाच होता. पण ते बटण दाबलं की सॉफ्टवेअर सर्किटांच्या जागा बदलतं, आणि जागा बदलली की नंबर बदलतो. रिसेप्शन गेलं बी-२ वर, कलेक्शन रूम आली आर-३ वर. मॉडेलमधले टॅगही त्याबरोबर गुपचूप बदलले. डीबीतल्या वायरी मात्र होत्या तिथंच, त्यांना कोण सांगणार!

मग त्या बदललेल्या मॉडेलमधून कुठल्या नंबरावर कुठली खोली याचा चार्ट छापून डीबीच्या दाराला आतून चिकटवला गेला. तो आमच्याकडून आलेला नाही. मी फोटो नीट पाहिला, खाली आमचा रिव्हिजन नंबरसुद्धा नाही. चार्टवर बी-२ म्हणजे रिसेप्शन, फेरूलवर बी-२ म्हणजे कलेक्शन रूम. तुम्ही चार्ट वाचून एमसीबी पाडला. तुमची चूक नाही, पण आमचीही नाही. फाइलच्या हिस्टरीत शनिवारचं सिंक, म्हणजे बदल जतन केल्याची नोंद, कुणाच्या नावानं आहे ते दिसतं. नाव मी इथं लिहिणार नाही, मुलगा शिकतोय.

मी आयटीआयचा वायरमन आहे, मॅडम. ऑफिस टाकण्याआधी आठ वर्षं साइटवर काढली. चार्टवर विश्वास ठेवून टेस्टर न लावता हात घातला की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर हे सॉफ्टवेअर मुळात एक-तीन-पाच डावीकडे, दोन-चार-सहा उजवीकडे असे अमेरिकन पद्धतीचे नंबर देतं, ते आम्ही तसेच ठेवत नाही. फेजची नावंही त्यात ए, बी, सी असतात. त्यांचा बी म्हणजे आपला वाय, आणि आपला बी म्हणजे ब्लू. हे तसंच साइटवर गेलं तर वायरमननं कुठला बी धरायचा? आम्ही दर प्रोजेक्टला सेटिंगमध्ये जाऊन आर, वाय, बी करतो. हे बिलात कधी लावलेलं नाही.

४,५०० रुपयांचं. दिव्यांचे टॅग आपोआप बदलतात, बरोबर. पण आमच्या स्विचबोर्डच्या फॅमिलीला (रेव्हिटमधल्या त्याच्या तयार चिन्हाला) पॉवरचा कनेक्टर, म्हणजे सर्किटशी जोडायची सोय, नाही, त्यावरचे नंबर हातानं टाकावे लागतात. फेरूलची यादी एक्सेलमध्ये आहे, तीही हातानंच. मधल्या काळात तुम्ही चार पंखे वाढवलेत. लाइट-पंख्याच्या सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॉट, असं शिकून आम्ही मोठे झालो, त्यामुळे एक सर्किट फोडून दोन करावं लागलं. कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या दोन फेऱ्या होत्या, ही चौथी होती. तिसरीचे पैसे मी मागितलेच नव्हते.

फोनचं म्हणाल तर रविवारी रात्री ९:५० ला आला होता. सोमवारी सकाळी सव्वानऊला मी उलट लावला, तेव्हा रिव्ह्यू पडून गेला होता. चार माणसांचं ऑफिस आहे आमचं. ‘खोटे नंबर’ हे शब्द वाचून पुढचं गिऱ्हाईक फोनच करत नाही.

यापुढे शीट पाठवताना पॅनल शेड्यूलमधली सर्किटं लॉक करून देऊ, म्हणजे रीबॅलन्स केलं तरी ती हलणार नाहीत. हे आधी करायला हवं होतं का? हो, करता आलं असतं. बाकी तपासणीच्या पद्धतीतही सुधारणा करतो आहोत.

११ दिवे दुरुस्त केलेली शीट आणि डीबीतल्या वायरींशी जुळणारा चार्ट काल रात्री मेल केला आहे, त्याचे पैसे नाहीत. दारावरचा जुना कागद तेवढा आजच काढायला सांगा. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, ते तुमच्यावर आहे. चहाला या, नाहीतर मी शुक्रवारी टेस्टर घेऊन येतो. एकेक एमसीबी पाडून दोघं मिळून पाहू.