चिकवड्यांची भिरा-वारी

चैत्र लागला की रेवदंड्यातल्या आमच्या घरात दोन गोष्टी चिकट होतात: साबुदाण्याच्या चिकवड्या आणि आई. चिकवड्या वाळत नाहीत आणि त्या वाळेपर्यंत आई विषय सोडत नाही.

यंदा पाडवा झाल्यावर आईने पहाटे उठून साबुदाणा शिजवला, अंगणात प्लॅस्टिक अंथरून पळीपळीने दीडशे चिकवड्या घातल्या आणि मला काठी देऊन कावळ्यांच्या बंदोबस्ताला बसवलं. ऊन झकास होतं. अकराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटला आणि सगळं मुसळ केरात. हा वारा घामेजल्या मानेला फार बरा वाटतो, पण येताना निम्मा समुद्र खिशात घालून येतो. संध्याकाळी मी एका चिकवडीला बोट लावून पाहिलं, तर बोटाबरोबर चिकवडी आली आणि चिकवडीबरोबर प्लॅस्टिक. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वर ढगांची साय धरली, त्यामुळे आंबेवाले शेजारी मोहोराकडे, आई चिकवड्यांकडे आणि मी आईकडे बघत बसलो.

"याच वाऱ्यात कोळीवाड्यात बोंबील कडकडीत वाळतात," बाबा झोपाळ्यावरून म्हणाले.

हे खरं आहे. बांबूच्या वलांडीवर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात आणि वाऱ्याने मस्त खुळखुळतात.

"मग द्या जबडे लावून चिकवड्यांना," आई म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "तू रविवारी ताईकडे जा. तिच्या गच्चीवर एका उन्हात वाळतील."

ताई म्हणजे माझी मावशी. राहते भिऱ्याजवळ. नकाशात बघितलं तर आमच्या दोन्ही घरांना एकच नदी पुरते, कुंडलिका. सह्याद्रीवरून मुळशीचं पाणी खाली येतं, भिऱ्याला त्याची वीज होते, तेच पाणी पुढे कोलाडला पोचतं, तिथे पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून त्यात होडीसकट आपटून घेतात, मग रोहा, आणि शेवटी रेवदंड्याला आमच्या खाडीत. थोडक्यात, मावशीकडचं पाणी आम्हाला पोचतं. आमचा वारा मात्र तिच्याकडे धड पोचत नाही. पोचला तर दमलेला, तापलेला, उशिरा. त्यातून एखाद्या दिवशी घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा उतरला, की समुद्राच्या वाऱ्याला तो वाटेतच अडवतो आणि तिन्ही बाजूंनी डोंगर असलेली ती दरी कढईसारखी तापते.

या कढईचा मावशीला विलक्षण अभिमान आहे. २८ मार्च २०१७ ला, ऐन गुढीपाडव्याला, भिऱ्याच्या तापमानाची नोंद ४६.५ अंश झाली. देशभर बातमी गेली. मावशीच्या घरात लग्नाच्या तारखा विसरल्या जातात, पण हा आकडा दशांशासकट पाठ आहे. तेव्हा कोणीतरी म्हणालं, थर्मामीटर बिघडला असेल. "थर्मामीटर बिघडला म्हणे! गुढीवरची साखरेची गाठी माझ्या डोळ्यांदेखत पाझरली, ती काय बिघडली होती?"

आईला हे ऐकून घेणं जड जातं. आमच्याकडे पारा तेहतीसवर बसलेला, पण मोबाइल म्हणतो, 'जाणवतंय ४१'. हे 'जाणवतंय' आईला मिळालेलं मोठंच शस्त्र आहे. त्यात मी एकदा शहाणपणा करून सांगितलं, की हवामान खातं मैदानात चाळीस अंशांच्या आत उष्णतेच्या लाटेचा विचारही करत नाही, किनाऱ्यावर मात्र सदतीसला करतं. (पारा सरासरीच्या वर किती चढला तेही बघतात, पण तेवढं ऐकायला आई थांबली नाही.) तिने लगेच फोन लावला. "ताई, आम्हाला सरकारनेच तीन अंशांची सूट दिलीय! का दिली असेल, सांग!" मावशी म्हणाली, "सूट नापासांना देतात."

रविवारी पहाटे मी निघालो. ओलसर चिकवड्या पातळ फडक्यांचे थर देऊन एका परातीत, परात मांडीवर. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात मावशीसाठी सुके बोंबील. रोह्यापर्यंत एसटीत खिडकीतून गार वारा येत होता. रोह्याला गाडी बदलली तेव्हा वारा पडला. कोलाड सोडून आत वळलो आणि शर्ट, जो रेवदंड्यात तीन दिवस दोरीवर दमट होता, तो अंगावर चांगला वाळला. शेजारच्या आजींनी परातीवरचं फडकं उचलून बघितलं. "कुठनं आणल्या?" म्हटलं, रेवदंड्याहून. "वाळवायला?" हो. त्यांनी फडकं पुन्हा नीट झाकलं, आजाऱ्याच्या तोंडावरून पांघरूण सारखं करावं तसं.

मावशीची गच्ची म्हणजे तवा. चपला खाली काढून ठेवायचा तिचा नियम आहे, वाळवण पवित्र असतं म्हणून. दीडशे चिकवड्या मी एका पायावर नाचत मांडल्या. दुपारी एकला त्या टणटण वाजत होत्या. माझे ओठही फुटले होते, नाकात पापुद्रे आले होते, आणि रेवदंड्यात ज्या वाऱ्याला शिव्या घातल्या त्याची मला आईपेक्षा जास्त आठवण येत होती. मावशी पन्ह्याचा तांब्या घेऊन जिन्यात उभी होती. "बघ," ती म्हणाली. चिकवड्यांकडे नाही, सूर्याकडे बोट दाखवून. जणू तो तिने लावला होता.

मी जेवून आडवा झालो. चारच्या सुमारास घाटाच्या अंगाला काळंभोर झालं आणि गडगडलं. वळीव! मावशी ओरडली, "अरे, चिकवड्या!" मी अनवाणीच वर धावलो. धुळीचा लोट, टपोरे थेंब, उडणारं प्लॅस्टिक. परात खाली राहिलेली. हाताला लागली ती पिशवी ओढली, ओंजळीओंजळीने चिकवड्या आत कोंबल्या आणि खाली आलो. एकही भिजली नाही. मावशीने पाठ थोपटली. एवढं कौतुक माझं बँकेत लागलो तेव्हाही झालं नव्हतं.

रात्री घरी पोचलो. रेवदंड्यात पावसाचा टिपूस नव्हता, नेहमीचा ओला वारा वाहत होता. आईने पिशवी घेतली, वरची चिकवडी काढून वाकवली. ती वाकली. मोडली नाही. "सादळली," आई म्हणाली. "ताईने नीट वाळवल्याच नाहीत."

"आई, टणटण वाजत होत्या गं. वाटेत..."

पण आईचं लक्ष नव्हतं. तिने चिकवडी नाकाशी नेली, मग पिशवी नाकाशी नेली, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या पिशवीतले बोंबील मी सकाळी मावशीच्या ओट्यावर मोकळे केले होते. नंतर ती पिशवी दुपारभर तिच्या गच्चीच्या कठड्यावर तापत होती.

"या एकादशीला खायच्या होत्या," आई म्हणाली. हळू आवाजात.

झोपाळा करकरला. बाबा उठून आले, त्यांनी पिशवीत नाक घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"दोन तळून बघ गं," ते म्हणाले.