‘पेटीवाल्यासाठी एवढा शोक कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

रिचर्ड राइट यांच्या स्मृतिदिनी, १५ सप्टेंबरला, मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. विदर्भात शेतकरी गळफास घेत असताना भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात बसून पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडच्या कीबोर्डवादकासाठी गळा काढणे हे नखरे आहेत, त्यातही तो ना मुख्य गायक ना गिटारवादक, नुसता पेटीवाला, ज्याच्या जागी दुसरा बसवला तरी काही अडत नाही, आणि ज्याला कधी पाहिले नाही त्याच्यासाठी डोळ्यांत आलेले पाणी खरे नसते, असे आपले म्हणणे आहे. चौथा आक्षेप गायिका क्लेअर टोरी यांच्याविषयीचा असून तो रास्त आहे. त्याकडे पुढे येतो.

मी लाखांदूर तालुक्यात धान पिकवतो. तो लेख लिहिला त्या आठवड्यात दिवसा बांधीत तुडतुडा ही धानावरची कीड कुठवर पोचली ते पाहत होतो आणि रात्री लिहीत होतो. शोक म्हणजे इटियाडोहच्या कालव्याचे पाणी नव्हे, की वरच्याने घेतले म्हणून शेवटच्या टोकाला पोचू नये. शेतकऱ्याच्या मरणावर मी काय लिहिले आणि काय लिहिले नाही, याचा जाब आपण जरूर विचारावा, परंतु तो राइट यांच्या खात्यावर मांडू नये.

‘परक्याची पेटी’ हा आपला शब्द मात्र मला गंमतीचा वाटला, कारण आपल्या भजनातली पेटी तरी कुठली? अलेक्झांडर देबँ याने हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले, आणि हे वाद्य आपल्या संगीताला मानवत नाही, त्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्यावर बंदी घातली होती. त्या काळातही आमच्या गावच्या भजनमंडळाने पेटी सोडली नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे साथीदाराच्या जागी कोणीही चालतो हा. आपण झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखातले, नाही असे आपल्या लिहिण्यावरून वाटते, म्हणून सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्रभर नाटके चालतात. लहानपणी मी नेहमी ऑर्गनच्या बाजूला बसत असे. खलनायक आत येण्याआधी तो येणार हे आम्हांला ऑर्गनवरून कळे, आणि आई मुलाला निरोप देते त्या प्रवेशात नटी शब्द विसरली, तरी खालचा एक लांबवलेला सूर प्रेक्षकांना हलू देत नसे. ते वादक वारल्यावर पुढच्या हंगामात दुसरे आले. त्यांचा हात अधिक तयार होता, परंतु निरोपाच्या त्या प्रवेशात लोक खोकू लागले, बिड्या पेटवू लागले. नेमके काय बिघडले ते कोणालाही बोट ठेवून सांगता येईना.

पुढे नागपूरला शिकणाऱ्या चुलतभावाने आणलेल्या कॅसेटवर मी पिंक फ्लॉइडचे ‘एकोज’ ऐकले. १९७१ च्या त्या तेवीस मिनिटांच्या रचनेची सुरुवात पियानोच्या एकाच सुराने होते. हा सूर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला असल्याने तो पाऊस थांबल्यावर कवेलूच्या वळचणीतून गळणाऱ्या थेंबासारखा, थांबून थांबून येतो. ती जागा राइट यांची. बँडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांनी जुलै २०१६ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन रंगमंडलात कार्यक्रम केला. १९७१ साली त्याच ठिकाणी, प्रेक्षकांविना, बँडने ‘एकोज’ वाजवून चित्रित केले होते. गिलमोर यांच्याबरोबर या खेपेलाही उत्तम कीबोर्डवादक होते, तरीही ‘एकोज’ त्यांनी वाजवले नाही. रिकशिवाय, म्हणजे राइट यांच्याशिवाय, ते वाजवणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. काही अडत नाही, या आपल्या विधानाला याहून वेगळे उत्तर मजजवळ नाही.

‘अस अँड देम’ या गाण्याची चाल राइट यांनी आधी आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या चित्रपटासाठी पियानोवर बसवली होती. ती त्याने नाकारली, आणि १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममध्ये तीच उभी राहिली. हेच राइट १९७९ साली ‘द वॉल’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण चालू असताना बँडमधून काढले गेले, आणि त्यानंतरच्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून पुन्हा बसले. त्या खर्चिक कार्यक्रमांत उरलेल्या तिघांना तोटा झाला आणि पैसे सुटले ते एकट्या पगारदाराला. रात्रीच्या हिशेबाने बिदागी घेणारे आमचे ऑर्गनवाले हे ऐकून मनापासून हसतील.

टोरी यांच्याबाबत मी चुकलो. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधली ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ही रचना सर्वस्वी राइट यांची निर्मिती, असे मी लिहिले होते. सुरावटीचा सांगाडा त्यांचा, हे खरे. परंतु शब्दांवाचूनचा तो आक्रोश क्लेअर टोरी यांनी जानेवारी १९७३ मध्ये तीस पौंड मानधनावर, जागच्या जागी सुचेल तसा गाऊन दिला. त्यांना न्यायालयात जावे लागले आणि २००५ मध्ये तडजोड झाल्यावर सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव लागले. विस्मृत साथीदाराची बाजू मांडता मांडता मीच एका साथीदार स्त्रीचे नाव गाळावे, ही चूक लाजिरवाणी आहे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

राहिला न पाहिलेल्या माणसाचा प्रश्न. राइट १५ सप्टेंबर २००८ रोजी, पासष्टाव्या वर्षी, कर्करोगाने गेले. आम्ही तिघे मित्र दरवर्षी त्या दिवशी रात्री माझ्या ओसरीवर जमतो, दिवा मालवून ‘एकोज’ लावतो, फारसे बोलत नाही. एकाला इंग्रजी येत नाही. त्याला राइट यांचा चेहराही ठाऊक नसावा. तो पहिल्या सुरालाच मान खाली घालतो, आणि रचना संपल्यावर सायकल काढून निघून जातो.

आपला,
ब्लॉगलेखक