मधली हवा वजा करा म्हणे

सॅटेलाइट इमेज म्हणजे वरून काढलेला जमिनीचा फोटो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा समुद्राच्या पाण्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती उजेड येतो त्याचा आलेख, काढून बघावा. दृश्य प्रकाशात सेन्सरपर्यंत जे पोचतं त्यातलं साधारण ८० ते ९० टक्के हवेनेच विखुरलेला उजेड असतो, पाणी बिचारं मागच्या रांगेत!

म्हणून अ‍ॅटमॉस्फेरिक करेक्शन. मधली हवा वजा करायची, बस. सॉफ्टवेअर उघडलं की पहिला प्रश्न, त्या दिवशी व्हिजिबिलिटी किती किलोमीटर होती? अहो मला काय माहीत, मी तिथे होतो का? मग एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण, कुठला, रूरल, अर्बन की मेरिटाइम, आणि माझ्या सीनमध्ये, म्हणजे इमेजमध्ये, शेतं आहेत, शहर आहे आणि कडेला समुद्र पण, आता काय चिठ्ठी टाकू? हवा काढून दे म्हणायला आलो तर हाच मला विचारतोय हवा कशी होती.

अंदाजाने काहीतरी भरावं तर व्हिजिबिलिटी जरा कमी पडली की तो हवा इतकी जोरात वजा करतो की निळ्या बँडमध्ये (तरंगलांबीच्या पट्ट्यात) पाण्याचा रिफ्लेक्टन्स, म्हणजे पडलेल्या उजेडातला परत येणारा हिस्सा, थेट मायनस. म्हणजे पडलेला उजेड परत द्यायचा सोडून पाण्यावरच उधारी. निळ्यातच का, तर तरंगलांबी निम्मी झाली की रॅले स्कॅटरिंग, म्हणजे हवेच्या रेणूंनी उजेड विखुरणं, १६ पट होतं, त्यामुळे सगळा गोंधळ त्याच टोकाला.

दुसऱ्या टोकाला पाण्याची वाफ. ९४० आणि ११४० नॅनोमीटरला नुसते खड्डे पडतात, ते एकवेळ भरता येतात, पण १४०० आणि १९०० च्या आसपास ती सगळंच गिळून बसते, आणि तिथेही सॉफ्टवेअर मोठ्या आत्मविश्वासाने दोन-तीन डोंगर काढून देतं. ते बँड सरळ उडवायचे, वाद घालत बसू नये.

डार्क ऑब्जेक्ट सबट्रॅक्शन मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं. सीनमधला सगळ्यात काळा पिक्सेल शोधायचा आणि त्याच्यातला जवळपास सगळा उजेड हवेच्या नावावर टाकायचा, प्रश्न नाहीत काही नाहीत. पण वाफेचं त्याला काही करता येत नाही.

शेजारच्या टेबलावरचा मात्र मजेत. एकाच तारखेची इमेज, सॉफ्टवेअरला शिकवायचे नमुने (ट्रेनिंग सॅम्पल) त्यातूनच, सगळ्यांवर हवा साधारण सारखीच, म्हणून करेक्शन न करताच क्लासिफिकेशन, म्हणजे कुठला पिक्सेल शेत आणि कुठला पाणी ते ठरवणं, उरकून हा वेळेत घरी! मला खनिजांचे स्पेक्ट्रम लॅबमध्ये मोजलेल्या स्पेक्ट्रमच्या लायब्ररीशी जुळवायचेत, आणि लॅबमध्ये सेन्सर दगडाच्या नाकाशी होता.