दायमाबादच्या रथाला घोडे नाहीत, बैल आहेत

‘दायमाबादच्या उत्खननात महाभारतकालीन घोड्यांचा रथ सापडला’ असा मेसेज फोटोसकट फिरतोय. तो मीही मागच्या आठवड्यात दोन ग्रुपवर टाकला होता. ती माझी चूक झाली, म्हणून हा खुलासा.

फोटो खरा आहे, पण तो मोठा करून पाहा. जुंपलेल्या दोन्ही जनावरांना शिंगं आहेत. ते बैल आहेत. मागे हाकणारा उभा आहे आणि दांडीवर एक छोटा कुत्रा. किती जीव लावून घडवलंय! रथही स्वारीचा नव्हे. जेमतेम ४५ सेंटिमीटर लांबीचं ओतीव काम आहे.

प्रवरेकाठच्या या गावात १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना हा रथ मिळाला. सोबत हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या ओतीव मूर्ती होत्या. शास्त्रीय उत्खननातल्या थरात या वस्तू मिळाल्या नाहीत, म्हणूनच त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. बरेच जण त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातल्या मानतात. महाभारताशी जोडणारा पुरावा नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.