चाकणच्या गेटवर गाडी स्वस्त मिळत नाही

एक मजकूर सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. आमच्या कोथरूडच्या ग्रुपवर तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा खाली अंगठ्यांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: डीलर म्हणजे निव्वळ दलाल, गाडीमागे पंधरा टक्के खातो. अमेरिकेत लोक कंपनीकडून थेट गाडी घेतात, आपल्याकडे डीलरांच्या लॉबीने कायदा करून ते अडवले आहे. कारखाना चाकणला आणि आपण भाडे भरतो बाणेरच्या काचेच्या शोरूमचे. थेट विक्री सुरू झाली की गाडी लाख-दीड लाखाने उतरेल.

मी नऊ वर्षे एका शोरूमच्या अकाउंट्समध्ये काढली. आता त्या धंद्याशी माझा संबंध नाही आणि डीलरांची वकिलीही करायची नाही. पण हा मजकूर वाचून माणसे नको त्या आकड्यावर भांडतात आणि जिथे खरोखर पैसे जातात तिथे मुकाट्याने सही करतात. ते मी टेबलापलीकडून बघितले आहे, म्हणून लिहितो.

आधी ते पंधरा टक्के. आपल्याकडे प्रवासी गाड्यांवर डीलरचे मार्जिन साधारण तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास असते. डीलरांची देशव्यापी संघटना 'फाडा' किमान सात टक्के द्या म्हणून कंपन्यांकडे मागणी करत आली आहे. पंधरा मिळत असते तर सात कोण मागेल? नऊ लाख एक्स-शोरूम किमतीची छोटी पेट्रोल गाडी घ्या. चार टक्क्यांनी मार्जिन झाले ३६ हजार. त्याच गाडीत १८ टक्के जीएसटीचे सुमारे १ लाख ३७ हजार रुपये आहेत, वर महाराष्ट्राचा ११ टक्के रोड टॅक्स म्हणजे आणखी ९९ हजारांच्या घरात. बिल कंपनीने फाडले काय नि डीलरने फाडले काय, यातला एक रुपयाही कमी होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि किमती खऱ्या अर्थाने उतरल्या. डीलर तेव्हाही होतेच.

त्या ३६ हजारांचे पुढे काय होते, हे मजकुरात कुठेच नाही. डीलर गाडी कंपनीकडून उचलतो तेव्हाच तिचे पैसे मोजतो, बहुतेक वेळा बँकेच्या कर्जातून. यार्डात उभ्या गाडीवर रोज व्याज चढते. आमच्याकडे साठ दिवसांपेक्षा जास्त उभ्या राहिलेल्या गाड्यांची यादी दर सोमवारी साहेबांच्या टेबलावर जायची, आणि ती वाचताना त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. डिसेंबरात मिळणाऱ्या सवलतीतला एक भाग या व्याजाच्या धाकातूनच येतो. पाडव्याला आणि दसऱ्याला मुहूर्तावर गाडी हवी, रंगही तोच हवा, म्हणजे कुणीतरी ती आधी आणून ठेवायला हवी. टेस्ट ड्राइव्हची गाडी, यार्ड, डिलिव्हरीआधीची तपासणी, विक्रीची माणसे यांचा खर्च डीलर गेला म्हणून जात नाही. तो कंपनीच्या वहीत लिहिला जातो आणि किमतीतून आपल्याकडेच येतो.

कायद्याचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. कंपनीला थेट विक्रीची बंदी करणारे कायदे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आहेत, भारतात नाहीत. टेक्सासमध्ये टेस्लाचा प्रचंड कारखाना आहे, तरी तिथे तिला स्वतःच्या शोरूममधून गाडी विकता येत नाही. आपल्याकडे तीच कंपनी जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आली आणि मध्ये कुणीही डीलर न ठेवता विकू लागली. मॉडेल वायची सुरुवातीची किंमत होती साठ लाखांच्या घरात. ती आयात शुल्काने फुगलेली होती. थेट विक्रीने ती उतरवली नाही.

आणि चाकणचेच उदाहरण हवे असेल तर तेही आहे. मर्सिडीज-बेंझचा कारखाना चाकणला आहे. ऑक्टोबर २०२१ पासून भारतात ही कंपनी गाडी स्वतः विकते. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचे, आणि पूर्वीचे डीलर कमिशनवर टेस्ट ड्राइव्ह, डिलिव्हरी नि सर्व्हिस बघतात. देशभर एकच किंमत झाली आणि शोरूम-शोरूममधली घासाघीस संपली. त्यानंतर कंपनीने किमती अनेकदा वाढवल्या, त्याचे एक मोठे कारण युरोचा दर. पुणेकराला कारखाना जवळ म्हणून काही सूट मिळाली नाही.

तरी एकच किंमत ही मला चांगली गोष्ट वाटते. एकाच दिवशी, एकाच मॉडेलवर, बोलण्यात पटाईत माणसाला वीस हजार जास्त सूट मिळताना आणि एकट्या आलेल्या बाईंना पाच हजारांत गुंडाळताना मी पाहिले आहे. दोन्ही बिले माझ्याच हातून गेली. ज्याला घासाघीस जमत नाही त्याला थेट विक्री न्याय देते.

आणखी एका ठिकाणी मजकुराची बाजू भक्कम आहे, पण त्याने ती मांडलेलीच नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि डीलरने २००९ ची गाडी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की डीलर स्वतःच्या नावावर व्यवहार करतो, म्हणून कंपनीला ठाऊक असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय डीलरच्या या चुकीसाठी तिला जबाबदार धरता येणार नाही. बिल कंपनीचे असेल तर हा बचाव फार लंगडा पडतो. थेट विक्रीची मागणी करायचीच असेल तर या कारणासाठी करा.

सर्व्हिसबद्दल मजकूर एका ओळीत म्हणतो, "वॉरंटी कंपनीचीच असते." असते, पण गाडी जॅकवर चढवणारे हात कुठेतरी जवळ लागतात. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा बुडालेली गाडी चावी न फिरवता उचलून वर्कशॉपला न्यायची होती, ॲपवर तक्रार नोंदवून ती वाळणार नव्हती. स्कूटरमध्ये ओला इलेक्ट्रिकने डीलर न ठेवता स्वतःची दुकाने उघडली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्याविरुद्ध दहा हजारांवर तक्रारी गेल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कारणे दाखवा नोटीस काढली. बहुतेक तक्रारी सोडवल्या, असे कंपनीचे म्हणणे होते. वाईट सर्व्हिस डीलरकडेही मिळतेच. पण तिथे निदान दुसऱ्या डीलरच्या वर्कशॉपला गाडी नेता येते.

आता लाख-दीड लाखाकडे येतो. गेल्या महिन्यात मेव्हण्याने त्याचे कोटेशन मला दाखवले. गाडी वर सांगितली तेवढ्याच किमतीची. हँडलिंग चार्ज, म्हणजे गाडी आणण्याच्या नि नोंदणीच्या धावपळीचे, ९,८००. ॲक्सेसरीज पॅकेज १८,५००. शोरूमचा विमा ४६,२००. तोच विमा, त्याच कव्हरसह, बाहेरच्या एजंटकडे ३३,९०० ला होता. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, पण तो शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच आहे. गाडी संगम पुलाजवळच्या आरटीओत न्यावीही लागत नाही. मग हँडलिंग कशाचे? तिन्ही मिळून फरक ४०,६०० रुपयांचा. डीलरने स्वतःचे अख्खे मार्जिन सोडले असते तरी इतके सुटले नसते.

आम्ही दोघे शनिवारी शोरूमला गेलो. सेल्समन पोरगा चांगला होता, त्याच्यावरही टार्गेटचा बोजा असणार. तो म्हणाला, "सर, पॅकेज आणि विमा कंपल्सरी आहे." मेव्हणा म्हणाला, "ठीक आहे, तसे लेटरहेडवर लिहून द्या." तो आत गेला, दहा मिनिटांनी नवे कोटेशन घेऊन आला. त्यात त्या तिन्ही ओळी नव्हत्या.